गिऱ्हाईक क्वार्टरचं धर

बापू, दुकान टाकलंस, पाटी लावलीस, नवा टूलबॉक्स घेतलास, चांगलं केलंस. पण तुझी आई सांगत होती की तू आता पाम्प्लेट छापायला टाकणार आहेस. ते आधी थांबव. खापरखेड्यात पाम्प्लेटवर आलूबोंडे बांधून मिळतात, काम मिळत नाही. तेवढ्या पैशात एक जाडजूड वही घे आणि उरलेल्याचे दोनचार चांगले कंडेन्सर घेऊन ठेव. त्या वहीत काय लिहायचं तेच आज सांगतो.

आधी हे गाव समजून घे. इथं महानिर्मितीचं वीज केंद्र आहे: २१० मेगावॅटचे चार संच आणि २०११ मध्ये आलेला ५०० चा पाचवा, मिळून १,३४० मेगावॅट. त्याच्या आजूबाजूला सिल्लेवाडा, वलनी, पाटणसावंगीपर्यंत वेकोलिच्या कोळसा खाणींचा पट्टा. दोन्हीकडची माणसं कॉलनीत राहतात आणि यातली कितीतरी इथली नाहीत. कोणी परळीहून बदलून आलेला, कोणी भुसावळहून, खाणीत छत्तीसगडपासून बिहारपर्यंतचे. चार-सहा वर्षं राहतात, पोरांच्या शाळा होतात आणि एक दिवस दारात ट्रक लागतो. नागपुरात महालातल्या एखाद्या मेकॅनिकचं गिऱ्हाईक एकदा जुळलं की बापानंतर पोरगा त्यालाच बोलावतो. आपल्याकडे ते नाही. नवीन पोरं इथं याचसाठी रडतात, "मामा, बांधलेलं गिऱ्हाईक बदलीवर गेलं!"

गेलं तर जाऊ दे. क्वार्टर कुठं जातं? ते जागेवरच आहे. पंधरा दिवसांत, महिन्याभरात त्यात दुसरं कुटुंब येणार, त्यांच्याकडेही कूलर असणार, गीझर असणार, मिक्सर असणार. म्हणून सांगतो, वहीत माणसाच्या नावाचं पान काढू नको. पान क्वार्टरच्या नंबरचं काढ. वर टाइप आणि नंबर. खाली लिही: कूलर कोणत्या खिडकीला बसतो, स्टँड लागतो की नाही, जाड पिनचा बोर्ड कोणत्या खोलीत आहे, अर्थिंग लागतं की नुसतंच भोक आहे, टाकीचं पाणी किती वाजता येतं. आणि मग खाली, कोणाकडे कधी काय काम केलं ते.

नवं बिऱ्हाड आलं की ही वही काय करते पाहा. तू दारात उभा राहतोस आणि म्हणतोस, "वहिनी, मी इथला कूलर-मोटरवाला. या क्वार्टरात हॉलच्या बोर्डाला अर्थिंग लागत नाही, कूलर तिथं लावू नका, मागच्या खोलीत लावा. आणि ती स्वयंपाकघराची खिडकी मोठ्या कूलरला पुरत नाही." एवढंच बोलायचं, नंबर द्यायचा आणि निघायचं. काम मागायचं नाही. घर तिचं, पण ते तुला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, हे तिला कळलं. कूलर लावायची वेळ आली की ती दुसऱ्याला शोधत बसणार नाही.

एक मर्यादा मात्र पाळ. कॉलनीच्या भिंतीतली वायरिंग कंपनीची आहे, तिला तू हात लावायचा नाही. अर्थिंग नसेल तर मेंटेनन्सला तक्रार कुठं लिहायची, काय शब्द लिहायचे ते सांग. लिहून द्यायला सांगितलं तर लिहूनही दे. यात तुला रुपया मिळत नाही, पण नवख्या माणसाला पहिल्या आठवड्यात ज्यानं वाट दाखवली, त्याला तो विसरत नाही.

जो जातोय तोही सोडू नको. सामान बांधायच्या दिवशी कूलर उतरवायला, पंखे काढायला, गीझरचं पाणी रिकामं करायला माणूस लागतोच. ते काम तू कर आणि वेळेवर कर, कारण ट्रकवाला थांबत नाही. त्या धावपळीत दोन गोष्टी विचार. एक, "तुमच्या जागी कोण येऊन रायलं जी?" बहुतेक वेळा जाणाऱ्याला माहीत असतं, दोघं एकाच खात्यातले असतात. दुसरी, "कूलर नेता की विकता?" मोठा लोखंडी कूलर चंद्रपूरला नेण्यात बऱ्याच जणांना राम वाटत नाही. तो येणाऱ्याला किंवा शेजारच्याला तू जमवून दे. टाकी कुठं गंजली, मोटर कधी बांधली, पंप कधी बदलला, सगळं दोघांसमोर सांग. भाव त्यांना ठरवू दे. दलाली एकाकडूनही घ्यायची नाही. एक गिऱ्हाईक गावाबाहेर गेलं, पण त्याचा कूलर आणि त्याचं क्वार्टर, दोन्ही तुझ्याकडेच राहिले.

बदल्या उन्हाळ्यात, शाळांना सुट्ट्या लागल्यावर जास्त होतात, पण रिटायरमेंट बाराही महिने चालू असते. खाणीतला माणूस साठीला मोकळा होतो. कोण केव्हा निघणार हे सगळ्यांत आधी कळतं दूधवाल्याला, मग गॅस सिलिंडरवाल्याला, मग गेटवरच्या गार्डला. या तिघांना कमिशन देऊ नको. कमिशन दिलं की ते बोलणं बातमी राहत नाही, धंदा होतो, आणि उद्या दुसरा दहा रुपये जास्त देईल. त्यापेक्षा दूधवाल्याच्या घरचा पंखा बंद पडला तर त्याच दिवशी जा. पैसे घे, पण त्याच दिवशी जा.

आता वेळेचं. पॉवर हाऊस काय, खाण काय, सगळं पाळ्यांवर चालतं. सकाळी अकराला तू ज्या दारावर थाप मारतोस, तिथं रात्रपाळी करून आलेला माणूस नुकताच झोपलेला असतो. त्याची झोप मोडलीस की ते घर गेलं, आणि त्याची बायको चार घरी सांगेल ते वेगळं. म्हणून वहीत क्वार्टरपुढं कोणाची पाळी कशी फिरते ते पेन्सिलीनं लिहून ठेव. फोन करायचा तो वहिनींना, आणि विचारायचं, "आज भाऊंची कोणती ड्युटी जी? केव्हा येऊ?" हा एक प्रश्न विचारणारा मेकॅनिक फार कमी सापडतो.

आपला सीझन तर तुला सांगायला नको. होळी झाली की विदर्भात कूलर निघतात. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ ला टेकला होता. तसल्या दुपारी कूलर बंद पडला की माणूस भाव विचारत नाही, फक्त "किती वाजता येता" विचारतो. बाकीचे मेकॅनिक याच दिवसांत कमवायला बसतात. कमाव, पण नवं गिऱ्हाईक कसं मिळतं ते ध्यानात घे. जुन्या घरांची सर्व्हिसिंग फेब्रुवारीच्या शेवटापासून होळीपर्यंत उरकून टाक. वहीतली पानं उलटत एकेकाला फोन कर: "वहिनी, गवत बदलायचं आहे, टाकीला आतून डांबर मारायचं आहे, आता स्वस्तात होते, मे मध्ये मले येता नाही येणार." मग मे मध्ये तुझी जुनी घरं कुरकुर न करता चालतात आणि तुला वेळ उरतो. तो वेळ रोज अनोळखी फोनसाठी ठेव. नवतपाच्या दिवसांत, बाकी कोणी फोन उचलत नाही तेव्हा जो आला, त्याचा नंबर माणूस फोनमध्ये नाव घालून ठेवतो. एरवी तुझ्या चार चकरांनीही ते होत नाही.

तिथं गेल्यावर काय करायचं, ते नीट ऐक, कारण पुढचं सगळं यावरच आहे. चपला बाहेर काढ. सोबत जुनी सुती चादर ठेव, ती कूलरखाली पसर, गवतातली चिखलमाती फरशीवर पडू देऊ नको. आपल्याकडे चिमणीची राख वरून बसते, बोअरचं जड पाणी असेल तर पांढरा थर चढतो, दोन्ही मिळून कूलरच्या गवताच्या ताटीवर लेप होतो आणि हवा कोंडते. गिऱ्हाईक म्हणतं मोटर गेली. मोटर गेलेली नसते. ताटी काढून उजेडाकडे धर आणि त्यालाच दाखव, आरपार दिसतं का. दिसत नसेल तर मोटरचे पैसे लावू नको. कंडेन्सर गेला असेल तर जुना काढून त्याच्या हातात दे आणि नवा त्याच्यासमोर डबीतून काढ.

मग करंट. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं मरतात, लहान पोरंही. टाकीत पाणी, लोखंडी बॉडी, ओली फरशी, आणि टिल्लू पंपाची वायर कुठंतरी सोललेली किंवा पाण्यात जोड दिलेली. वरून तीन पिनचा प्लग, पण आत दोनच वायरी. प्लग काढ, उघड आणि तिसरी वायर बॉडीला जोडलेली आहे का ते दाखव. टेस्ट लॅम्प एकदा फेज आणि न्यूट्रलला लाव, एकदा फेज आणि अर्थला. दोन्ही वेळा दिवा सारखाच पेटला तर अर्थिंग ठीक. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर कूलर तिथं लावूच देऊ नको, भले काम गेलं. स्वतःचं घर असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला सांग. तो नीट चालत असेल तर गळका करंट निमिषात तोडतो. शेवटी कूलर चालू करून बॉडीला टेस्टर लावून दाखव. आणि घरातल्या सगळ्यांना एक सांग: पाणी भरायचं तर आधी स्विच बंद, मग प्लग बाहेर, मग पाइप. या सगळ्याला दहा मिनिटं लागत नाहीत. यातलं तू एक पैशाचं विकलं नाहीस, पण संध्याकाळी ती बाई शेजारणीला हेच सांगते. "त्यानं तपासून पाहिलं ना, करंट येते का नाही ते." ज्यांच्या घरी पोरं लहान आहेत, ते सगळे विचारत येतात.

भाव कूलर उघडायच्या आधी सांग. तपासणीचे इतके, गवताचे इतके, मोटर बांधायची निघाली तर इतके, आणि त्यापेक्षा जास्त निघालं तर विचारल्याशिवाय हात लावणार नाही. फुकट काम मात्र करू नको. नवं गिऱ्हाईक धरायला पहिलं काम फुकट करणारे मी पाहिलेत. दुसऱ्या वेळी पैसे सांगितले की तेच लोक तोंड वाकडं करतात. उधारी पगाराच्या तारखेपर्यंत, त्यापुढं नाही.

आणि मग विचारायचं. सगळे विचारतात, "कोणी असलं तर सांगा जी." यावर सगळे "हो हो" म्हणतात आणि विसरतात. तू नेमकं विचार. कूलर चालू झाला, थंडगार झोत तोंडावर आला, माणसानं "हाऽऽ" केलं, त्याच वेळी: "वरच्या क्वार्टरवाल्यायचा कूलर लय आवाज करून रायला, बुश गेले वाटते. त्यायले सांगून देता का, मी अजून अर्धा तास कॉलनीतच आहे?" एक घर, एक कारण, एक वेळ. घरची बाई जाळीतूनच हाक मारेल.

जो गिरार्ड नावाचा अमेरिकेतला एक गाडीविक्या होता, डेट्रॉइटकडचा. एकट्यानं १९७३ मध्ये १,४२५ शेवरोले गाड्या विकल्या म्हणतात. त्यानं अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याला विचारलं, कार्डं किती छापता? उत्तर आलं, अडीचशेच्या आसपास. त्यावरून त्यानं हिशेब बांधला की प्रत्येक माणसामागं अडीचशे माणसं असतात आणि एकाला दुखवलं की अडीचशे गेले. वाचून मला हसू आलं. आपल्याकडं एखाद्या साध्या शेतकऱ्याच्या तेरवीला अडीचशे तर नुसत्या वाढप्यांच्या ओळखीचे असतात! पण हिशेब खरा आहे, आणि कॉलनीत तो जास्तच खरा, कारण ही अडीचशे माणसं एकाच गेटमधून आत-बाहेर करतात.

सामान कुठून घेतोस यावरही गिऱ्हाईक ठरतं. तू इतवारीत जाऊन गवत, पंप, वायर ठोकमध्ये आणतोस, दोन पैसे वाचतात, खरं आहे. पण आपल्या बाजारातल्या इलेक्ट्रिकलवाल्याकडं रोज दहा माणसं येऊन विचारतात, "कूलरवाला आहे का कोणी ओळखीचा?" तो कोणाचं नाव सांगेल? जो त्याच्याकडून माल घेतो त्याचं. म्हणून मोटर, तारेचं बंडल नागपुरातून आण, पण पंप, गवत, प्लग, स्विच इथूनच घे. महिन्याकाठी जो फरक पडतो, तो पाम्प्लेटच्या खर्चापेक्षा कमी आहे. तसंच एसीचं. एसीचा गॅस भरायला तुला येत नाही, तर येतं म्हणून सांगू नको. ज्याला येतं त्याच्याकडं पाठव आणि तुझं नाव सांगायला लाव. कूलरसाठी तो तुझ्याकडं पाठवेल. नाही पाठवलं तर पुढच्या वेळी दुसऱ्याकडं पाठव, एवढं साधं आहे.

भाड्याच्या खोल्या हे वेगळं प्रकरण. संचाचं ओव्हरहॉल निघालं की ठेकेदार बाहेरून माणसं आणतात, मग चनकापूर, पोटा, चिचोलीकडच्या खोल्या भरतात. एका खोलीत पाचसहा जण आणि एक कूलर, तोही दिवसरात्र चालू. काम ढीगभर मिळतं. पण ते ठेकेदाराच्या नावावर करू नको, घरमालकाच्या नावावर कर. ठेकेदाराचं बिल निघेपर्यंत त्याचा सुपरवायझर गाव सोडून गेलेला असतो, घरमालक मात्र तिथंच राहतो. आणि एकाच मालकाची सगळी कामं घेऊन बसू नको. तुझ्या कमाईचा तिसरा हिस्सा एका माणसाच्या हातात गेला की तो भाव पाडतो.

कूलरचे चार-पाच महिने संपले की काय, हे तू विचारलंच नाहीस, पण आईला तीच काळजी आहे. दसरा-दिवाळीनंतर सावनेर तालुक्यात हरभरा, गहू, संत्र्याची झाडं, सगळ्यांना पाणी लागतं. शेतातली मोटर जळाली की शेतकरी रात्री उठून येतो. तिथं नियम एकच: मोटर बांधून देतो म्हटलं तो दिवस पाळायचा. गव्हाचं पाणी दोन दिवस चुकलं तर त्याचा जीव खालीवर होतो. शक्य झालं तर एक जुनी मोटर बांधून दुकानात ठेव, त्याची तयार होईपर्यंत ती दे. अख्ख्या दहेगाव-वलनीत तुझं नाव होईल.

आणि तान्हा पोळा सोडू नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून दारोदार, दुकानोदुकानी बोजारा मागत फिरतात. बाकीचे दुकानदार शटर अर्धं ओढून घेतात. तू उघडं ठेव. सुटे पैसे आणून ठेव, प्रत्येकाच्या बैलाची तारीफ कर, आणि छोट्या बैलवाल्यालाही मोठ्याएवढंच दे. त्यावर तुझ्या नावाचं स्टिकर वगैरे काही चिकटवू नको, ते बरं दिसत नाही. पोरगं घरी जाऊन सांगतं कोणी किती दिले ते. त्याच्या आईला दुकान कळतं.

मोबाइलचं तुला माझ्यापेक्षा जास्त समजतं, म्हणून थोडकंच सांगतो. गूगल मॅपवर दुकान टाक, त्याला पैसे लागत नाहीत. फोटो दुकानाचा टाकू नको, कामाचा टाक: लेपलेली ताटी आणि नवी ताटी, शेजारीशेजारी. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फुलं पाठवू नको. कॉलनीच्या ग्रुपवर जाहिरात टाकू नको, तुझं नाव तिथं दुसऱ्यानं टाकलं तरच त्याला किंमत. नंबर जन्मभर बदलू नको. उद्यम नोंदणीही सरकारी साइटवर फुकट होते. पाचशे रुपये मागणारा भेटला तर त्याला रस्ता दाखव. शाळा, पतसंस्था, मंगल कार्यालय यांचं काम घ्यायचं तर बिल आणि नोंदणी विचारतात. सेवेचा धंदा वर्षाला २० लाखांच्या आत असला तर जीएसटीचं झंझट नाही.

एक काम अजून इथं फारसं कोणी धरलेलं दिसत नाही. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजारांपर्यंत सबसिडी मिळते, त्यामुळं स्वतःच्या घरांवर सोलर पॅनल चढून रायले. आणि आपल्याकडं वरून राख. पॅनलवर राखेचा पापुद्रा बसला की युनिट कमी होतात, आणि माणूस बसवणाऱ्या कंपनीला शिव्या देतो. ते धुण्याचं काम धर. पहाटे, काच थंड असताना, मऊ ब्रशनं, शक्यतो जड पाण्यानं नाही, नाहीतर डाग राहतात. तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नको, तडकू शकते. गच्चीवर चढायचं तर कंबरेला दोर बांधूनच. धुण्याआधी आणि धुतल्यावर ॲपमधले युनिट घरमालकाला दाखव, पण दोन्ही दिवस स्वच्छ उन्हाचे धर, ढगाळ दिवसाशी तुलना केली तर तो पकडेल.

राहिले रिटायर झालेले. खापरखेड्याहून निघालेले बरेच जण लांब जात नाहीत. गोधनी, मानकापूर, झिंगाबाई टाकळी, कोराडी रोडला घर बांधतात. नव्या घराला इलेक्ट्रिशियन त्यांना तिथं भेटतो, पण फोन जुन्याच माणसाला करतात. जा. जायचं मात्र असं: एकासाठी गाडी काढू नको. फोन आला की त्याच भागातल्या बाकीच्या घरांना विचार, "गुरुवारी तिकडं येऊन रायलो, काही आहे का?" तीन-चार कामं जमली की निघ. येण्याजाण्याचे पैसे आधी सांगून सगळ्यांत सारखे वाटून घे. त्यांच्या नव्या शेजाऱ्यांनी बोलावलं तर नाही म्हणू नको, पण त्यांना भाव नागपूरचा लाव, खापरखेड्याचा नाही.